आत्याची बांधी आणि पॉइंटनंतरचे आकडे

पॉइंटनंतरच्या आकड्यांना आमच्या घरात कधी मान नव्हता. धान किती झालं असं कुणी विचारलं, की बाबा आकडा गोल करून सांगायचे, आणि तोही मूड पाहून. आणि मी पोटापाण्यासाठी नेमकं उलटं काम धरलं. चंद्रपुरातल्या आमच्या ऑफिसात एका संगणकातली माहिती दुसऱ्याला कळेल अशी पाठवायची असते. त्यासाठी आधी साचा ठरवतात. या रकान्यात नाव, या रकान्यात आकडा, आणि आकड्याला पॉइंटनंतर इतकी घरं. घरं कमी पडली की उरलेले अंक गळून जातात, आणि मशीन हूं की चूं करत नाही. माझा सगळा राग त्या हूं की चूं न करण्यावर आहे.

बाबांना हे एकदा समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "येवढ्यासाठी तुले पगार देऊन राह्यले?"

आमचं गाव सिंदेवाहीकडे, एका जुन्या तलावाच्या खाली. धानाची जमीन म्हणजे इथं सगळ्या बांध्या, चारी बाजूंनी धुरे म्हणजे मातीचे बांध घातलेले छोटे छोटे तुकडे, काही तर अंगणाएवढेच. त्यातली एक बांधी आत्याची, बाबांच्या बांधीला लागून. आजोबांच्या माघारी वाटणीची वेळ आली तेव्हा गावातल्या बहुतेक बहिणींनी केली तशी हक्क सोडल्याची सही आत्याने केली नाही, आणि बाबांनीही मागितली नाही. आत्याला दिलेलं गावातच, त्यामुळे ती बांधी स्वतःच करते.

मागच्या पावसाळ्यात धान निसवायला आलं आणि पावसाने दडी मारली. लोंबी बाहेर पडायच्या दिवसांत पाणी नाही मिळालं तर धान पोचट राहतं. तलावाचं पाणी पाळीपाळीने सोडायचं ठरलं आणि पाळीचा निरोप या वेळी मोबाइलवर येणार होता. पाणी संस्थेचे सचिव प्रत्येक बांधीत उभे राहून मोबाइलवर जागा टिपून आले होते. ती माहिती आमच्याच ऑफिसातून पुढे जाणार म्हणून मी गावात जरा मिरवलेही.

निरोप आले त्या दिवशी मी गावीच होते. निरोपासोबत आलेल्या नकाशात खुद्द सचिवांची बांधी तलावात गेली होती. चौकात त्यांची नुसती हजेरी घेतली लोकांनी. "भाऊ, तुमाले पाळी कायले पायजे? डोंगा पायजे!" तेही हसले आणि दुपारच्या बसने भद्रावतीला सासुरवाडीला निघून गेले.

आत्या मात्र हसत नव्हती. बाबांना पाळी आली होती, तिला निरोपच नव्हता. ती तडक आमच्या घरी आली.

"अवो बाई, माह्या बांधीतून उतरव ना पाणी," बाबा म्हणाले. "एका धुऱ्याचा तर फरक हाय. काऊन तापून राह्यली?"

"आज तू देशीन भाऊ. उद्या कोनी म्हनन, हिचं तर नावच नाई, बांधी भावाचीच व्हय. मले तुझं पाणी नाई पायजे. मले माही पाळी पायजे."

मी लॅपटॉप उघडला.

सचिवांच्या मोबाइलने प्रत्येक जागा पॉइंटनंतर सात अंकांपर्यंत टिपली होती. आमच्या साच्यात मात्र तीनच घरं होती. एका सहकाऱ्याने तो साचा वरोऱ्याकडच्या कापसाच्या वावरांसाठी केला होता. तिथं जागा शंभरेक मीटर सरकली तरी माणूस आपल्याच वावरात राहतो. आमच्याकडे तेवढ्यात दोन-चार धुरे ओलांडून होतात. चार अंक गळल्यावर बाबा आणि आत्या यांचा आकडा अगदी सारखा झाला होता, आणि एकच जागा दोनदा आली म्हणून प्रोग्रामने पहिली ठेवून दुसरी काढून टाकली. पहिले बाबा होते.

मी सहकाऱ्याला फोन लावला. "तीन घरं बस्स नाही का?" असं तो म्हणाला आणि माझं डोकंच फिरलं. जे बोलले ते इथं लिहीत नाही. त्याने तिथल्या तिथे सात घरं करून दिली. मी माहिती पुन्हा पाठवली आणि ऐटीत चहा घेतला. आत्याचा ठिपका काही आला नाही. पाहते तर प्रत्येक आकड्यामागे चार शून्यं ओळीने बसलेली. ऑफिसातली प्रतच आधी कापलेली होती, नवी घरं तिला काय भरणार? गेलेले अंक आता फक्त सचिवांच्या मोबाइलात होते. मी त्यांना भद्रावतीला फोन लावला.

"भाऊ, ते जागा टिपायचं ॲप आहे ना अजून?"

"तेच काढून टाकून राह्यलो व्हतो. मोबाइल भरला, आन साळ्याच्या लग्नाचे व्हिडिओ..."

"हात लावू नका! काही म्हणजे काही पुसू नका!" मी अशी किंचाळले की अंगणातल्या कोंबड्या पळाल्या.

"हव हव," ते घाबरून म्हणाले. माहिती कशी पाठवायची हे त्यांना समजावता समजावता माझा घसा बसला, पण आली. चौथ्या अंकात बाबा वेगळे होते, आत्या वेगळी होती. सचिवही तलावातून बाहेर आले. थोड्या वेळाने आत्याच्या मोबाइलवर निरोप वाजला, तेव्हा तिने तो मला वाचायला लावला, मग बाबांना.

तिच्या पाळीच्या सकाळी तिने स्वतःच फावड्याने धुरा फोडला. बाबा नुसते उभे राहिले, आणि बाबांना दुसऱ्याच्या हातात फावडं बघवत नाही हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. पाणी बांधीत पसरलं तेव्हा आत्या पदराने तोंड पुसत होती.

धुऱ्यावर बसून बाबांनी माझ्या मोबाइलवर तो नकाशा मागितला. दोन बोटांनी त्यांनी तो एकदा लहान केला, एकदा मोठा केला. दोन ठिपके एक व्हायचे, पुन्हा दोन व्हायचे. बराच वेळ त्यांचं तेच चाललं होतं.

मग म्हणाले, "आन तुही कुठी टाकाची?"

मला कळलंच नाही. त्यांनी खालच्या आपल्या दोन बांध्यांकडे हात केला. "त्या दोनीतली कोंती? मी हाओ तवरच सांग."

मी उठून त्या दोनींतल्या अलीकडच्या बांधीत गेले आणि मधोमध चिखलात मोबाइल धरून उभी राहिले. धुऱ्यावरून बाबा ओरडले, "नीट लिव. पॉइंटच्या मांगचं सारं लिव!"