भावाच्या लढाईचे पैसे

माझा भाऊ ब्रह्मदेशच्या लढाईतून धडधाकट परत आला, याचा आनंद मला आजही आहे. राग आहे तो त्यानंतरच्या दोन महिन्यांचा. तोही अजून तितकाच ताजा आहे, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

पाचोऱ्यापासून दोन कोसांवर आमचं गाव. घरात लिहिता-वाचता येणारी मी एकटी. भाऊ फौजेत मोटार चालवायला शिकला, पण अक्षरांशी त्याची ओळख सहीपुरतीच. त्याची पत्रं पलटणीतला कोणी साताऱ्याकडचा सोबती लिहून द्यायचा, आणि इकडून नाना, म्हणजे आमचे वडील, सांगतील तसं मी लिहायची. बैल मेला तेव्हा 'दोन्ही बैल खुशाल' असं मीच नानांना पटवून लिहिलं. तिकडून 'काल गाडीपुढेच बाँब पडला' असं आलं, की आईसमोर ते वाक्य मी गिळून टाकायची आणि पुढच्या ओळीवर उडी मारायची. चार वर्षं असं चाललं.

त्यातल्याच एका पत्रात त्याने लिहवून घेतलं होतं: 'सुटताना सरकार जे काही देईल, ते सगळं बाईच्या शिक्षणाला. तिला धुळ्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला घालायचं.' बाई म्हणजे मी. सातवीची फायनल मी पास झाले होते, आणि आजूबाजूच्या चार गावांत तशी दुसरी मुलगी नव्हती. ते वाक्य मी ओसरीवर सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. दोनदा दाखवलं, हे कबूल करते.

लढाई संपली त्याच्या दुसऱ्या वर्षी तो आला. सरकारी बक्षिसाचे पैसे पाचोऱ्याच्या पोस्टात त्याच्या नावे जमा झाले, आणि आमच्या घरातल्या प्रत्येकाला अचानक काहीतरी सुचू लागलं. नानांना बैलजोडी हवी होती. चुलत्यांनी, आमच्या आबांनी, विहिरीवर ऑइल इंजिन बसवून पाण्याचे पाटसुद्धा काढून टाकले, अर्थात तोंडानेच. आईला जळगावच्या सराफाकडची सोन्याची पोत आठवली. वहिनीने त्या दिवशी भाकरी जरा जास्तच जोरात थापल्या.

भावाने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हाऊ पैसा बाईना शे. मी तिले शबद देयेल शे."

"पोरले शिकाडीसन काय मामलेदार करशी?" आबा म्हणाले.

"व्हई बी मामलेदार," भाऊ म्हणाला, आणि मला हसू आवरेना. त्या रात्री मी धुळ्याला न्यायच्या कपड्यांची पेटी मनातल्या मनात तीनदा भरली.

पुढे तो रोज पाचोऱ्याला जाऊ लागला. मोटारीवर कुठे नोकरी मिळते का ते बघायला, असं सांगायचा. ट्रेनिंगचा अर्ज कधी करायचा असं विचारलं, की म्हणायचा, "करसूत ना, घाई कसानी शे?" मी घाई केली नाही. ज्याला आपण चार वर्षं जपलं, तो आपल्याला फसवील हे डोक्यात येतच नाही.

उन्हाळ्यात आम्ही अंगणात ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे जाडसर पापड, वाळत घालत होतो. टपालवाला नानांच्या नावचं पत्र देऊन गेला. भाऊ घरी नव्हता. नाना नेहमीसारखे म्हणाले, "वाच वं बाई." मी पिठाचे हात पदराला पुसले आणि वाचू लागले.

पत्र धुळ्याकडच्या एका बागायतदाराचं होतं. 'शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष. आपले चिरंजीवांचे पत्र पावले. मुलगी आम्हांस पसंत आहे. सरकारकडून मिळालेली सर्व रक्कम मुलीच्या लग्नात लावण्याचे चिरंजीव लिहितात, ते मान्य. मुलीस पुढे शिकविण्याचा आपला विचार नाही हेही त्यांनी स्पष्ट कळविले, त्यायोगे आमची चिंता दूर झाली.'

आमच्या घरातून माझ्या अक्षराशिवाय पत्र गेलं होतं! पाचोऱ्याच्या पोस्टमास्तरांकडून त्याने ते लिहवून घेतलं होतं. पण लग्नाच्या बोलणीचं उत्तर घरच्या वडिलांच्या नावानेच येणार, आणि ते वडिलांना वाचून दाखवणार मीच, एवढं मात्र त्या शहाण्याला सुचलं नाही. मी एक शब्द गाळला नाही. नानांनी पत्र माझ्या हातातून घेऊन कोनाड्यात ठेवलं. मग म्हणाले, "स्थळ चांगलं शे." आई बिबड्या घालत राहिली.

संध्याकाळी भाऊ आला. मी त्याला दारातच धरलं. "माले इचारं का बरं नही?"

तो खाली बघत म्हणाला, "चहाना दुकानवर लोके हासतस, बाई. बहिणनी कमाई खाई, म्हनतस." आणि मग जरा आवाज चढवून, "बठ्ठा पैसा तुनावरच लायसू ना मी? एक पै बी घरमा ठेवाव नही."

बाँबला न घाबरलेला माणूस चहाच्या दुकानातल्या चार रिकामटेकड्यांना घाबरला. आणि वर उपकार माझ्यावर! मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. नानांनी मला गप्प केलं आणि होकाराचं पत्र लिहायला बसवलं. दुसरं कोण लिहिणार?

टाक हातात घेतला तेव्हा मनात आलंच. 'मुलगी आजारी आहे, सध्या नको' एवढं लिहिलं असतं, तर घरात कोणाला कळणार होतं? नाना सांगत होते, भाऊ समोर बसला होता, आणि दोघांनाही ओळ म्हणजे नुसती काळी रेघ. मी तसं केलं नाही. त्याने मला दिलेला शब्द मोडला म्हणून मी घराचा शब्द खोटा लिहू, हे मला जमेना. नाना म्हणाले तसं अक्षरन् अक्षर लिहिलं आणि कागद भावाच्या हातात दिला. त्याने तो घडी करून खिशात घातला.

लग्न थाटात झालं. गावात कधी नव्हता असा बँड आला, आणि आबा सगळ्यांना सांगत फिरले की भावाने बहिणीसाठी काही म्हणता काही राखलं नाही. ते खरंच होतं.

हळदीच्या दिवशी टपालवाला जेवायला आला होता. माझं कौतुक करायचं म्हणून म्हणाला, "बाई, तुनं अक्षर भलतं चांगलं शे. ते होकारनं पत्र भाऊनी पोस्टमास्तरकडथून दोनदा वाची लिन्हं, मंगच पेटीमा टाकं."

मी हसून त्याला आणखी भात वाढायला सांगितला. ट्रेनिंग बुडालं, त्याबद्दल मी भावाला कधी ना कधी माफ केलंही असतं. या दोनदा वाचून घेण्याबद्दल केलं नाही.