मोकळा या शब्दाचा अर्थ

बाटल्यांच्या कारखान्यात मास्तरचं काम बघायचं. दुसरं काही नाही, नुसतं बघायचं. समोर आतून दिवा लावलेली पांढरी काच, तिच्यापुढून सरकणारा पट्टा, आणि पट्ट्यावर एकामागून एक बाटल्या. चीर गेलेली, पोटात बुडबुडा धरलेली, मानेत वाकलेली दिसली की उचलायची आणि मागच्या डब्यात भिरकावायची. डोळ्यांत तेल घालून बघतो असं लोक नुसतं बोलतात, मास्तरने ते सव्वीस वर्षं केलं. शाळेत त्याने कधी शिकवलं नव्हतं. पण कचेरीतून कागद आला की तो आधी स्वतः वाचायचा आणि मग पट्ट्यावरच्या बाकी अकरा जणांना फोडून सांगायचा, म्हणून मास्तर. हाक ऐकली की त्याची मान आपोआप ताठ व्हायची.

बघण्याची एक रीत होती. अर्ध्या तासापलीकडे डोळा टिकत नाही. बाटल्या पळतायत की आपण, तेच कळेनासं होतं. मग मागच्या बाकावर विसावलेला गडी उठायचा, पट्ट्यावरच्याच्या खांद्यावर हात टाकायचा आणि म्हणायचा, "हो मोकळा." तो उठून बाकावर जायचा, डोळे मिटून पाय पसरायचा, आणि अर्ध्या तासाने परत पट्ट्यावर. मोकळा म्हणजे एवढंच. पगार चालू, डोळे बंद.

मास्तरचा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ, तोही याच पट्ट्यावर. मास्तरनेच चिकटवलेला. अक्षर अक्षर जुळवत वाचायचा, पण केसाएवढी चीर हातभर लांबून हेरायचा. मास्तरपेक्षा तोच सरस होता, आणि हे मास्तर सोडून सगळे बोलायचे.

मग बाटल्या तपासणारे कॅमेरे आले, आणि कॅमेऱ्यांच्या आधी बाई आल्या. कारखान्यात बदल घडवून आणायला वरून नेमलेल्या. आवाज मऊ, चपला मऊ, मागे येऊन उभ्या राहिल्या तरी कळायचं नाही. आठ दिवस त्या बाकावर बसून यांच्या गप्पा ऐकत वहीत काहीबाही टिपत होत्या. नवव्या दिवशी त्यांनी मास्तरच्या खिशाला निळा बिल्ला लावला : बदलमित्र.

"लोक माझं ऐकणार नाहीत, तुमचं ऐकतील," बाई म्हणाल्या. "काही अडलं तर मला विचारायचं. संकोच करायचा नाही."

मास्तर हरभऱ्याच्या झाडावर चढला तो खाली उतरलाच नाही.

महिन्याने फॉर्म आले. दोन चौकोन. एक, 'नवीन काम शिकू इच्छितो'. दुसरा, 'मोकळा होऊ इच्छितो'. मास्तरने सगळ्यांना बाकापाशी बोलावलं.

"नवीन काम म्हणजे भट्टी," तो म्हणाला. "अंगाची लाही. आणि मोकळा म्हणजे आपलं रोजचंच. कॅमेरा बघणार, तुम्ही बाकावर. तो अडला की तुम्हाला हाक."

"अन् कॅमेऱ्याला अर्ध्या तासाने कोण मोकळं करणार?" एक जण म्हणाला. सगळे हसले.

मेव्हणा हसला नाही. "दाजी, बाईंना एकदा विचारून घेता का? नुसतं बाकावर बसवून पगार कोण देतो?"

"हा बिल्ला काय मी शोभेला लावलाय?" मास्तरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "बारा जणांत तुलाच तेवढी अक्कल, नाही का?"

"तसं नाही हो. बरं, कुठल्या चौकोनात करू?"

मास्तरने दुसऱ्या चौकोनावर बोट ठेवलं. अकराच्या अकरा खुणा त्याच चौकोनात पडल्या. बदलमित्राला फॉर्म नव्हता.

पत्रं आली तेव्हा मास्तरने नेहमीसारखं पहिलं पत्र उघडलं, आणि दुसरी ओळ दोनदा वाचली. स्वेच्छेने नोकरी सोडल्याबद्दल कंपनी आभारी होती. पत्रं तशीच घेऊन तो बाईंच्या खोलीत गेला. दारात पोचेपर्यंत चूक सांगून टाकायची त्याला घाई होती. खुर्चीत बसेपर्यंत ती निम्मी उरली.

"बाई, हा शब्द... आमच्यात मोकळा म्हणजे वेगळं."

"तुमचाच शब्द घेतला, मास्तर. लोकांना आपला वाटावा म्हणून." बाईंनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही त्यांना चुकीचं सांगितलं का? तसं असेल तर आत्ताच बोला. फॉर्म पुन्हा भरून घेऊ. भट्टीवरच्या जागा अजून रिकाम्या आहेत."

मास्तरचा जीव भांड्यात पडला.

"फक्त मग बदलमित्र दुसरा बघावा लागेल," त्या म्हणाल्या. "आणि तुमचाही फॉर्म भरावा लागेल. भट्टीवर जाल ना?"

त्या 'ना'मध्ये काही धमकी नव्हती. बाई खरंच विचारत होत्या. मास्तरला भट्टीपेक्षा दुसरंच दिसलं. अकरा जणांसमोर उभं राहून आपण म्हणतोय, मला कळलंच नव्हतं. आणि मेव्हणा ऐकतोय.

"समजावलं होतं," मास्तर म्हणाला. "नीट. त्यांनाच आराम हवा होता."

बाईंनी ते लिहून घेतलं आणि सहीसाठी कागद पुढे केला. त्याने वाचून सही केली. वाचल्याशिवाय सही करणाऱ्यातला तो नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी मेव्हणा घरी आला. पत्र त्याने बहिणीसमोर टाकलं.

"कोणी सांगितलं रे तुला असली खूण करायला?" ती कडाडली. मग नवऱ्याकडे वळली. "अहो, तुम्ही होतात ना तिथं?"

मास्तरने पाण्याचा तांब्या उचलून तोंडाला लावला.

"ताई, दाजींना काही बोलू नको," मेव्हणा म्हणाला. "त्यांनी सांगितलं असेल बरोबर. बाकीचे माझ्याकडे बघूनच गेले त्या चौकोनात. माझंच डोकं बधिर झालंय."

बोलायला एवढी मोठी फट पडली होती. मास्तर बोललाही.

"सांगताना लक्ष कुठं असतं याचं?" तो बायकोला म्हणाला. "दहादा बजावलं, विचार करून खूण करा."

मेव्हण्याने मान वर केली. मास्तरकडे बघितलं, पट्ट्यावर बघायचा तसं, बराच वेळ. मग मान खाली घातली.

"भट्टीवर तरी शब्द टाकाल का, दाजी? तुम्हाला मानतात तिथं."

"टाकतो की," मास्तर म्हणाला. "उद्याच."

भट्टीवरच्या अकराही जागा बाहेरच्या माणसांनी भरल्या होत्या. नावांची यादी त्याच दिवशी सकाळी फाटकावर मास्तरनेच डकवली होती, चार कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून.