पाठवणीनंतरचा सामना

मिरजेत स्टेशन रोडच्या एका बोळात जरिना नदाफ खेळाचे कपडे शिवते. कबड्डीच्या बनियनी, फुटबॉलचे शर्ट, पाठीवरचे आकडे. मी रंगभूमीवर होते तेव्हा शेवटच्या दहा वर्षांत माझे सगळे पोशाख तिच्याच हातचे. तिसरी घंटा झालेली असायची, प्रेक्षक खाकरत असायचे आणि ही विंगेत, दातांत सुई धरून, माझी उसवलेली बाही शांतपणे टाचत असायची. फार बोलणारी बाई नव्हे. म्हणून गेल्या ऑक्टोबरात ती घरी आली, चहाला हात न लावता बसली आणि म्हणाली, "आक्का, तुमचा व्हीसीआर अजून चालतो का?" तेव्हा हिचं काहीतरी बिनसलंय हे मी ओळखलं.

व्हीसीआर चालत होता. माझ्या जुन्या प्रयोगांच्या चार कॅसेट घरात आहेत. त्या बघायला आता कोणी येत नाही, पण यंत्र मी दर महिन्याला पुसून लावते.

झालं होतं ते असं. कृष्णाकाठ फुटबॉल क्लबला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. जयराज हा क्लबचा सेक्रेटरी, तिशीतला उमदा मुलगा, क्लबच्या इतिहासावर माहितीपट करत होता. जुन्याजाणत्यांना बोलावून त्याने झालेलं काम दाखवलं. त्यात निवेदक म्हणतो, "क्लबचा पहिला मुलींचा संघ २०१९ साली मैदानात उतरला." क्लबचे शर्ट शिवते म्हणून बोलावलेली जरिना मागच्या खुर्चीवर बसली होती. ती १९९१ साली त्याच मैदानावर, त्याच क्लबचा शर्ट घालून खेळली होती. तिला धरून अकरा जणी होत्या. संघ दीड वर्ष टिकला. मग एकेकीचं लग्न ठरत गेलं आणि संघ उरला नाही. तेव्हाचे कार्यकर्ते वारले. क्लबच्या वहीत त्या मुलींची एक ओळ नव्हती.

"मावशी, तुम्ही खोटं बोलता असं नाही म्हणत मी," जयराज तिला म्हणाला. "पण माहितीपट आहे हा. एखादा फोटो द्या, थोडं फुटेज द्या. नुसत्या आठवणीवर कसं दाखवू?"

"नर्सिंगच्या मुलींना आम्ही दोन-एकनं हरवलंय," जरिना म्हणाली.

"मग तेच शोधा की. सापडलं तर निवेदन बदलतो. डिसेंबरच्या कार्यक्रमापर्यंत वेळ आहे."

तो नम्रपणे बोलला, म्हणून तिला जास्त लागलं.

जरिनाने आठ दिवस मोबाईलवर शोधलं. इंग्लंडातल्या, स्पेनमधल्या क्लबांचे लांबलचक इतिहास तिला सापडले. मैदानाच्या कठड्याला टेकून रडणारे परदेशी म्हातारे सापडले. आपल्या क्लबचं नाव टाकलं की मात्र कोल्हापूरचे सामने यायचे, आणि त्याखाली लोकांनी एकमेकांना घातलेल्या शिव्या. केबलवाल्याकडे गेली. तो म्हणाला, जुन्या टेपा कवाच भंगारात गेल्या. मग एका दुपारी शर्टावर दहा नंबर शिवताना तिला आपल्या वडिलांची आठवण झाली.

मोहिद्दीनभाई शिकलगार हे मिरजेतले लग्नाचे शूटिंगवाले. त्या काळी कॅसेट तीन तासांची असायची. लग्न कितीही लांबवलं, हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळं घेतलं, तरी ते अडीच तासांत आटपायचं. उरलेली फीत कोरी दिली तर गिऱ्हाईक भांडायचं, तीन तासांचं ठरलं होतं म्हणून. त्यामुळे मोहिद्दीनभाई शेवटी काहीतरी भरून द्यायचे. कुणाला सिनेमाची गाणी, कुणाला गणपतीची मिरवणूक. आणि लेकीच्या संघातल्या मुलींची लग्नं आली, तेव्हा त्यांनी पाठवणीनंतर त्या मुलींचाच सामना भरून दिला. आहेर म्हणून. सासरच्या माणसांना तो आहेर कसा वाटेल, हे त्या भल्या माणसाच्या डोक्यात आलं नाही. मूळ फितीवर पुढचं लग्न चढलं. जरिनाच्या लग्नात ते स्वतःच वधूपिता, त्यामुळे तिचं शूटिंग झालंच नाही. सामना उरला तो फक्त सासरी गेलेल्या कॅसेटांत.

अशा तीन कॅसेटांचे पत्ते जरिनाला ठाऊक होते: खंडाळा, पाटण आणि लोणंद. खंडाळ्याची चौकशी फोनवरच संपली. त्यांनी कॅसेटची सीडी करून घेतली होती आणि करणाऱ्याने शेवटचं 'भलतंच काहीतरी' कापून टाकलं होतं.

पाटणला आम्ही दोघी गाडी करून गेलो. व्हीसीआर गोधडीत गुंडाळून माझ्या मांडीवर. संयोगिता, त्या संघातली गोलकीपर, जरिनाला बघून अंगणातच तिच्या गळ्यात पडली. तिचे यजमान फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेले. कॅसेटचं नाव काढताच ते म्हणाले, "ती रानात गेली की."

"रानात?" मी विचारलं.

"शाळूवर पाखरं लय. फीत भाईर काढली आन् काठ्यांना बांदली. वारं सुटलं की अशी घुमायची, एक पाखरू बसंना. दोन सुग्या काढल्या तिच्यावर."

"आवं, माजं लगीन तुमी रानात बांदलं?" संयोगिता म्हणाली. "मला तर म्हणालासा, फीत पलटणीतनं आणलीया."

"तुज्या लग्नाला पाखरं भ्याली, त्यात माजा काय दोष?"

आम्ही सगळे हसलो. जरिनाही हसली. पण परतताना कराडजवळ तिने माझ्या मांडीवरचा व्हीसीआर आपल्या मांडीवर घेतला. मग म्हणाली, "लोणंदलाही नसली तर मी जयराजला सांगणार, राहू दे. मलाच आता कधी कधी वाटतं, खेळलो होतो का आपण."

लोणंदची विजयमाला फोनवर आधी म्हणाली, कॅसेट नाही. दहा मिनिटांनी तिचाच फोन आला. "आहे. पण मी खेळत होते हे इथं कुणाला माहीत नाही. गुरुवारी या. बाजार असतो, हे कांद्याच्या अडतीवर असतात. सासूबाई दुपारी झोपतात."

गुरुवारी दोन वाजता आम्ही तिच्या माडीवर पोहोचलो. तिने कपाटातल्या जुन्या शालूच्या घडीतून कॅसेट काढली. मी वायरी जोडल्या, आवाज अगदी बारीक केला आणि लग्न पुढे पळवलं. पंगती बसल्या न बसल्या तोच उठल्या. भटजींचे हात पंख्यासारखे फिरले. विसाव्या वर्षातली विजयमाला आईच्या गळ्यात पडून रडू लागली, तशी बावन्न वर्षांची विजयमाला म्हणाली, "इथं मी उठायचे."

नव्या नवरीची कॅसेट बघायला आळी जमली होती, तेव्हाची गोष्ट तिने सांगितली. पाठवणी झाली, गाडी वळली, आणि अचानक पडद्यावर मैदान. तिने झेप घेऊन बटण दाबलं आणि कॅसेट संपली म्हणून सांगितलं. पुढे कधीही कॅसेट लागली की पाठवणीला ती उठून उभी राहायची. घरातला व्हीसीआर बंद पडेपर्यंत.

या वेळी ती उठली नाही. गाडी वळली, चित्र थरथरलं आणि धुळीचं मैदान आलं. पोरांचे ढगळ शर्ट घातलेल्या, सलवारी मोज्यांत खोचलेल्या अकरा मुली.

"आवाज वाढीव की," मागून कोणीतरी म्हणालं. "त्यो शूटिंगवाला मदी मदी बोलतोय, त्ये ऐकू येत न्हाई."

दारात विजयमालेच्या सासूबाई उभ्या होत्या. हरणाबाई. वय पंच्याऐंशीच्या घरात, हातात काठी. विजयमालेचा हात बटणाकडे गेला आणि तिथेच थांबला.

"तुम्ही बघितलीय ही?" तिने कसंबसं विचारलं.

"तर. तू रोज त्याच जाग्याला उटायचीस. मला वाटायचं, म्हायेर आठवून पोरीला रडू येतंय. मग येक दिवस तू दळणाला गेलीस तवा मीच लावली. रंगुबाईला बलावून दावली. मग तिच्या जावंला."

"म्हणजे सगळ्या आळीला माहीत होतं?"

"व्हय. लय पळायचीस गं तू."

"मग मला का नाही बोललात कधी?"

"तू सांगशील म्हनून वाट बगत हुते," हरणाबाई म्हणाल्या आणि जरिनाने पुढे केलेल्या खुर्चीत बसल्या. "बत्तीस वर्सं. आता गप बसा, बॉल येतोय."

मी आवाज वाढवला. वाऱ्याचा घों घों आवाज आला, आणि त्यातून मोहिद्दीनभाईंचा: "जरिना, बघतीस काय, पुढं दे की बॉल." ते जाऊन चौदा वर्षं झाली. जरिनाने हात उचलून तोंडावर धरला. पडद्यावरच्या जरिनाने बॉल पुढे दिला तो थेट नर्सिंगच्या एका मुलीच्या पायात. तिने गोल केला.

"ह्यो दुसरा," हरणाबाई म्हणाल्या.

"दुसरा? आम्ही जिंकलोय हा सामना," जरिना म्हणाली.

"कवा? मी पंचवीस येळा बगितलाय. येकदाबी जिकला न्हाईसा."

फितीवर सामना अकरा मिनिटांचाच होता. शेवटी एका मुलीने कॅमेऱ्यासमोर पाटी धरली. खडूने लिहिलं होतं: शून्य–तीन.

जरिना पाटीकडे बघत राहिली. मी नाटकवाली, माझ्या मनात आलं ते मी बोलून टाकलं. पाटीच्या आधी थांबवायला सांग जयराजला, कोणाला कळणार आहे? माझ्या आयुष्यात मी कितीतरी फसलेले अंक असेच पडदा लवकर पाडून वाचवले आहेत.

"नको आक्का," ती म्हणाली. "दोन-एक मीच कधीतरी मनात धरलं असेल. पाटी राहू दे. हरायलासुद्धा संघ लागतो."

मग तिने विजयमालेकडे पाहिलं. कॅसेट न्यायची ती हिच्या हो म्हणण्यावर. विजयमालेने सासूकडे पाहिलं.

"माज्याकडं काय बगतीस?" हरणाबाई म्हणाल्या. "तुजी हाय ती. दिलीस तर मलाबी न्या मिरजेला. मोठ्या पडद्यावर बगीन."

जयराजने ती अकरा मिनिटं तीनदा बघितली. पाटीपाशी थांबून म्हणाला, "मावशी, तुम्ही दोन-एक म्हणाला होतात."

"चुकलं माझं."

"बरं झालं चुकलं," तो म्हणाला. "हरल्याचं आठवत असतं तर तुम्ही शोधायला निघालाच नसतात." मग त्याने एक चित्र गोठवलं आणि तिला एकेका मुलीचं नाव विचारत बसला. दोघींची नावं तिला आठवेनात. त्यासाठी ती चार दिवस पाटणला आणि खंडाळ्याला फोन करत होती. अकरावं नाव मिळालं, त्या संध्याकाळी निवेदकाने ती ओळ नव्याने वाचली.

डिसेंबरात शाळेच्या सभागृहात माहितीपट दाखवला. लोणंदहून सासू-सून रेल्वेने आल्या. २०१९ सालच्या संघातल्या मुली पुढे खाली बसल्या होत्या. मुलींच्या संघाला जयराजने पाच मिनिटं दिली होती, आणि हरणाबाई पहिल्या रांगेतून प्रत्येक गोष्ट व्हायच्या आधी सांगत होत्या. "आता ही पडती बगा." जरिना पडली. "आता गोल." गोल झाला. सभागृह आधी हसलं, मग त्यांच्या सांगण्याची वाट बघू लागलं. चाळीस वर्षं मी प्रेक्षकांसमोर उभी राहिले. एवढं कान देऊन ऐकणारं सभागृह मला थोड्याच रात्री मिळालं.

शेवटी पडद्यावर 'क्लबचा पहिला मुलींचा संघ, १९९१' अशी अक्षरं आली आणि खाली अकरा नावं. जरिना शिकलगार, विजयमाला खराडे, असं करत. छायाचित्रण: मोहिद्दीन शिकलगार. जरिना ती नावं ओठ हलवत वाचत होती.

विजयमालेने नावं सासूला वाचून दाखवली. हरणाबाई वळल्या. "माज्या सुनंचं आडनाव म्हायेरचं का घातलंय?"

"तेव्हा ती तुमच्याकडं आली नव्हती, मावशी," जरिना म्हणाली.

हरणाबाईंनी थोडा विचार केला.

"ते खरं हाय," त्या म्हणाल्या, आणि जयराजला काठीनेच खुणावलं. "पयल्यापासनं लाव रं पुन्ना."