अण्णा विचार करून राहिलेत

माझी चूक आधी सांगतो. माझे थोरले भाऊ, आमचे अण्णा, जन्मापासून बुद्धीनं अधू. त्यांना विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आजवर मीच देत आलो आणि त्यालाच माया समजलो.

आता ते लातुरात, औसा रोडवरच्या एका घरात, त्यांच्यासारख्याच चौघांसोबत राहतात. तिथं सांभाळणाऱ्या बाईंना सगळे आपा म्हणतात. दार वाजवल्याशिवाय आपा अण्णांच्या खोलीत जात नाहीत. चहा की दूध, हे अण्णांनी सांगेपर्यंत त्यांचं पातेलं गॅसवर चढत नाही.

धाकट्या भावाच्या मुलाच्या लग्नाला न्यायला मी गेलो आणि अण्णांची बॅग भरून टाकली. आपांनी त्यांना विचारलं, "अण्णा, लग्नाला जायचं का?"

"येणार की," मी म्हणालो.

आपांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. त्या खाली बसून तुरीच्या शेंगा सोलू लागल्या. बाहेर ऑटोवाला हॉर्न वाजवत होता.

"आपा, उशीर होतोय."

"दम धरा, भाऊ. अण्णा विचार करून राहिलेत."

टोपलीतल्या शेंगा सरत आल्या, तरी आपांच्या चेहऱ्यावर घाई नव्हती. अण्णांसाठी इतकं शांत बसलेलं माणूस आमच्या घरात मी कधी पाहिलं नव्हतं.

शेवटी अण्णा म्हणाले, "न्हाई. बँड लई वाजतो."

बँडचा त्यांना त्रास होतो, हे मला ठाऊकच नव्हतं.

आपांनी बॅग माझ्यापुढं सरकवली. "ज्यानं भरली, त्यानंच रिकामी करावी."

मी कपडे परत कपाटात लावले, अण्णांजवळ बसलो आणि म्हणालो, "अण्णा, तुम्हाला कधी विचारलंच नाही. चुकलो." आणि उत्तराची वाट पाहत राहिलो.