लाइनीतली सामाईक भिंत

साखर कारखान्याच्या जुन्या कामगार लाइनीत आमचं घर. दगडी जोतं, विटांच्या भिंती, वर लांबलचक कौलारू छप्पर आणि त्याखाली एकाला एक लागून घरं. दोन घरांमधली भिंत कौलांपर्यंत जात नाही. माणसाच्या उंचीच्या जरा वर थांबते आणि तिथून पुढं सगळं मोकळं. वारा खेळतो, तसा शेजारच्या फोडणीचा ठसकाही येतो.

गेल्या हंगामात एका सकाळी आमचे हे पाळीवर गेले होते. मी भाकरी थापत होते, तर शेजारच्या काकूंकडून भिंत ठोकल्याचा आवाज आला. काकू एकट्याच राहतात, मुलगा इंग्लंडात.

"आवं काकू, काय झालं?"

"मोरीत पाय सरकला गं. उठताच येत न्हाई. आतनं कडी हाय."

मी शिडी लावली, पदर खोचला आणि भिंतीवर चढले. पलीकडं त्यांच्या लोखंडी कपाटावर पाय टेकून खाली उतरले. काकू मोरीत आडव्या, हातात तांब्या. कडी काढून हाक मारली, तशी सगळी लाइन गोळा झाली. खुब्याचं हाड मोडलं होतं. दुपारपर्यंत त्या सांगलीच्या दवाखान्यात होत्या.

मुलगा लगोलग आला. काकूंना घरी आणल्यावर सांगलीत लिफ्टवाला फ्लॅट घेतो म्हणाला.

"तिथं भिंत ठोकली तर येनार कोन?" काकू म्हणाल्या. "मी हितनं हालत न्हाई."

तो त्या भिंतीकडं बघत राहिला. मग मला म्हणाला, "वैनी, तिकडं मी राहतो तीसुद्धा कापड गिरणीच्या कामगारांचीच जुनी घरं हायेत. सगळी लाल विटांची, भिंतीला भिंत लागून."

"आन् वरनं मोकळी?"

"न्हाई, थंडी लय असते. पण शेजारची म्हातारी खोकली तरी मला ऐकू येतं."

"मग तू बी लाइनीतच ऱ्हातोस की!" काकू अंथरुणातूनच हसल्या.

जायच्या आधी त्यानं गवंडी बोलावला, मोरीत खडबडीत फरशी बसवली आणि धरायला दांडा लावला. फ्लॅटचं नाव पुन्हा काढलं नाही.

आता काकू वॉकर घेऊन ओसरीवर फिरतात. सगळ्या घरांची ओसरी एकच, मध्ये ना पायरी ना उंबरा. बांधणाऱ्यानं हे केवढं शहाणपणानं केलंय, ते मला त्यांच्यामागनं चालताना कळलं. दमतील त्या दारात बसतात, आणि त्या घरची बाई आतनं चहा घेऊन येते.