नदीचा आकडा उंबऱ्यापर्यंत नेणाऱ्या मोनिकाबाई

मोनिकाबाईंना मी प्रथम पाहिले ते फुलपाड्यात, आमच्या सोसायटीच्या सभेत. तळमजल्यावर पाणी शिरले होते आणि आम्ही सारे गटारावरून तावातावाने भांडत होतो. होळी गावच्या या निवृत्त भूगोल शिक्षिकांना कुणीतरी मार्गदर्शनासाठी बोलावले होते. त्यांनी सर्वांचे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "पाणी चढलं तेव्हा भरती होती की ओहोटी?" कुणालाच सांगता येईना. मग त्यांनी मोबाइलवर सरकारी संकेतस्थळ उघडले. नदीची पातळी, धरणाचा विसर्ग आणि नदीचे पाणी अडवून धरणाऱ्या भरतीची वेळ एकत्र कशी वाचायची, हे आम्हांला शांतपणे समजावले. "हे सगळ्यांसाठी खुलं आहे हो. बघायची सवय मात्र कुणाला नाही," त्या म्हणाल्या. त्यानंतर मी त्यांच्यासोबत तानसा नदीकाठच्या गावांत जाऊ लागलो.

पावसाळ्यात बाई नदीच्या वरच्या भागातल्या मोजणी केंद्राची पातळी पाहून काठावरच्या लोकांना फोन करीत. एका सकाळी पातळी झपाट्याने चढत होती आणि दुपारी मोठी भरती होती. बाईंनी काशिनाथभाऊंना इशारा दिला. त्यांचा म्हशींचा गोठा नदीलगत होता. बाईंनी पातळीचा मीटरमधला आकडा सांगितला, तो धोक्याच्या रेषेजवळ आल्याचेही सांगितले. भाऊ "बरं बाई" म्हणाले आणि भातलावणीला शेतावर गेले. ते परतेपर्यंत गोठ्यात छातीभर पाणी होते. दावणीच्या म्हशी सोडवता आल्या नाहीत.

पाणी ओसरल्यावर आम्ही त्यांच्याकडे गेलो. बाईंनी आपल्या वाडीतली केळी आणि भाजी आणली होती. काशिनाथभाऊंनी दोष दिला नाही. ते म्हणाले, "बाई, तुमी सांगितलं व्हतं. पन मला मीटर कलत नाय. पानी गोठ्यात येल का, येवढंच मला पायजे व्हतं."

बाई रिकाम्या गोठ्याकडे पाहत राहिल्या. "म्हणजे मी सांगितलंच नव्हतं, भाऊ," त्या म्हणाल्या.

त्यानंतर प्रत्येक पुरानंतर त्या चिखल तुडवीत घरोघर जाऊ लागल्या. भिंतीवर पाणी कुठवर चढले होते ते घरच्यांनाच दाखवायला सांगत, तिथे रंगाची रेघ ओढत आणि त्या वेळची केंद्रावरची पातळी तिच्याशी जुळवत. पुढे फोनवर त्या आकडा सांगेनाशा झाल्या. "पाणी तुमच्या उंबऱ्याला लागेल, भरतीआधी जनावरं वर न्या," असे त्या सांगत, आणि लोक उठत. काशिनाथभाऊ सर्वांत आधी निघत. त्यांच्या नव्या म्हशी पुन्हा कधी पाण्यात अडकल्या नाहीत.

इथेच लेख संपवता आला असता तर किती बरे झाले असते. पण पाणी मुरायच्या सखल जागा मधल्या काळात भरावाखाली गेल्या. केंद्रावरची पातळी बेताची असतानाही पाणी जुन्या रेघांच्या वर चढू लागले. बाईंनी जुन्या-नव्या नोंदी मांडून कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. एका साहेबांनी त्यांना पडद्यावरचा आकडा दाखवून सांगितले, "नदी धोक्याच्या खाली आहे, बाई."

"आकडा खराच आहे, साहेब," बाई म्हणाल्या. "जमीन पूर्वीची राहिली नाही."

त्यांचे म्हणणे ऐकले गेले नाही. आम्ही फ्लॅटवालेही चार दिवस हळहळलो आणि आपापल्या नोकऱ्यांना लागलो. त्यांच्यामागे शेकड्यांनी उभे राहायला हवे होते. आम्ही मोजकेच होतो.

परवा भेटलो तेव्हा त्यांचे गुडघे दुखत होते. पंचाहत्तरीनिमित्त आम्ही ठरवलेल्या सत्काराचे कळताच त्या संकोचल्या. म्हणाल्या, "लोकांना माझा शब्द पटायला लागला आणि तेव्हाच माझ्या रेघा खोट्या ठरल्या. काशिनाथभाऊंना आता काय सांगू, तेच कळत नाही."

बाई पंचाहत्तरीत पदार्पण करीत आहेत. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, अशी परमेश्वराचरणी प्रार्थना. आणि त्या आयुष्यातला एक तरी पावसाळा असा येवो, की नदीकाठची काळजी आम्ही वाहू आणि मोनिकाबाई निर्धास्त झोपतील.