बिडाला आणलेली चकाकी

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी लेखणी हाती धरण्याचे धारिष्ट्य करतो आहे, याबद्दल वाचकांनी प्रथम क्षमा करावी. पंधरा वर्षे मी अकरावी-बारावीच्या मुलांना पदार्थविज्ञान शिकवले आणि गेली नऊ वर्षे बोईसरला इंजिनांचे सिलिंडर घासतो आहे. यांपैकी कोणत्याच कामाने माणूस लेखक होत नाही, हे मी जाणतो. तरी एक गोष्ट मनात अडकून राहिली आहे आणि ती तोंडाने सांगणे माझ्याच्याने होत नाही. कागद निदान मध्येच हसत नाही, एवढ्याच भरवशावर लिहितो.

पालघरच्या ज्या कनिष्ठ महाविद्यालयात मी होतो ते विनाअनुदानित होते. अनुदान येणार, येणार, असे ऐकत पंधरा वर्षे गेली आणि सोळाव्या वर्षी विज्ञानाची तुकडीच बंद झाली. तेव्हा माझ्या पत्नीचे थोरले बंधू, ज्यांना मीही दादाच म्हणतो, टेंपो घेऊन आमच्या भाड्याच्या खोलीपाशी आले. सामान भरताना त्यांनी माझी पुस्तके स्वतः बांधली. बोईसरजवळच्या कुंभवलीतल्या आपल्या घराचा वरचा मजला त्यांनी आम्हाला दिला आणि औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावरच्या आपल्या वर्कशॉपमध्ये मला काम दिले. इतके दिवस का कळवले नाही, असेही त्यांनी विचारले नाही. एखादा टोमणा त्यांनी मारला असता, तर पुढचे सारे मला सोपे गेले असते.

काम काय, ते थोडक्यात सांगतो. इंजिनाचा सिलिंडर बहुधा बिडाचा असतो. बीड म्हणजे आपल्या घरच्या जड, काळ्या तव्याचे लोखंड. आत पिस्टन वर्षानुवर्षे वरखाली होऊन तो झिजला की आधी मशीनवर त्याचे भोक थोडे मोठे करून घेतात. मग माझे काम सुरू होते. एका फिरत्या दांड्याला चार बारीक दगड लावलेले असतात. दांडा फिरत फिरत वरखाली जातो, वरून तेल वाहत राहते आणि बिडावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरक्या रेघा उमटतात. चटईची वीण जशी दिसते, तशा. या कामाला होनिंग म्हणतात. नवख्या माणसाला त्या रेघा ओरखडे वाटतात. पण इंजिन चालताना तेल त्या रेघांतच धरून राहते आणि त्या तेलावर पिस्टनच्या रिंगा सरकतात. रेघा नसतील तर तेल टिकत नाही, रिंगा नीट बसत नाहीत, तेल जळते आणि इंजिन निळा धूर ओकते. घर्षणाचा धडा मी पंधरा वर्षे शिकवला होता, त्यामुळे हे मला पहिल्याच दिवशी कळले. हाताला कळायला मात्र दोन वर्षे लागली.

मी आलो त्याच्या तिसऱ्या वर्षी दादांच्या उजव्या हाताला कंप सुटला. चहाची बशी वाजू लागली तेव्हा घरात सर्वांच्या ध्यानात आले. होनिंगच्या दांड्यावर असा हात चालत नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, हात काही थांबला नाही. तेव्हापासून गिऱ्हाईक आले की दादा सांगत, "माझ्या हाताचं सोडा, आमचे भावोजी हायेत ना." हे शब्द मला शाबासकी म्हणून ऐकू यायला हवे होते. मला ते कुलूप लागल्यासारखे ऐकू येत. सकाळी आठला मी त्या पत्र्याच्या छपराखाली शिरत असे, सायंकाळी त्यांच्याच स्कूटरवर त्यांना मागे बसवून त्यांच्याच घरी परतत असे आणि रात्रीचे जेवण त्यांच्या शेजारच्या पाटावर जेवत असे. दिवसातला एकही तास असा नव्हता, की ज्याच्याबद्दल मी त्यांचा ऋणी नव्हतो.

तीन वर्षांपूर्वी जुलैत मला पालघरच्या दुसऱ्या एका कनिष्ठ महाविद्यालयाचे पत्र आले. पदार्थविज्ञानाची जागा अचानक रिकामी झाली होती आणि येत्या एक तारखेला रुजू व्हायचे होते. मी ते पत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सदऱ्याच्या खिशात ठेवले, कारण माझ्या खिशाला तेव्हा कायम तेलाचा डाग असे. पत्नीने ते दोनदा वाचले. दादांना मी सांगते, असे ती म्हणेल, अशी माझी गुप्त आशा होती. तिने पत्राची घडी घातली आणि म्हणाली, "दादाला तुम्हीच सांगायचं. मी मधे पडले तर तो तुमच्याऐवजी मला विचारेल, आणि तुम्ही पुन्हा सुटलात."

मी वाक्य तयार केले. न्याहारीच्या वेळी ते ओठांवर आले आणि दादांनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. स्कूटरवर बोलू म्हटले, तर वाऱ्यात त्यांना ऐकू जाईना आणि दोन वेळा "काय?" असे विचारल्यावर मी म्हटले, "काही नाही, ऊन आहे आज." एकदा वर्कशॉपमध्ये त्यांना बाजूला बोलावलेसुद्धा. त्यांना वाटले, मला दगड नवे हवे आहेत. त्यांनी लगेच फोन करून मागवले. असे करत महिन्याचे दहाच दिवस उरले.

ते दिवस मासेमारीच्या बंदीचे होते. बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि एक तारखेला बंदी उठायच्या आत इंजिने तयार हवी असतात. त्या सकाळी दादा एका इंजिनाचा क्रँकशाफ्ट आणायला मनोरला गेले होते. पालघरजवळच्या माहीमहून एका टेंपोत बोटीचे इंजिन आले. सोबत बोटीची मालकीण होती, साठीच्या पुढची, आणि तिचा अबोल मुलगा. मशीनवर भोक मोठे करून झाले, मी होनिंग केले, गरम पाण्याने आणि साबणाने सिलिंडर धुतला, पांढरे फडके आतून फिरवून ते स्वच्छ निघते का पाहिले. काम चांगले झाले होते, एवढे मी सांगू शकतो.

त्या बाईंनी वाकून आत पाहिले.

"यो काय मांजरानं ओरबाडलाय?"

मी म्हणालो, "त्याचं असं आहे, की तेल जे असतं ते..."

"तेल आमी घालू वो. तुमी घासा. माज्या घरची तपेली याच्यापेक्षा चकचकीत हाय. मास्तर हाव ना तुमी? मंग पोरांच्या पाटीसारका कोरा करून द्या."

मुलगा हसला. भोक मोठे करायच्या मशीनवरचे आमचे एक उत्तरेकडचे कारागीरही हसले. मला एवढेच सांगायचे होते, की बाई, या रेघा हव्यात. चार शब्द. पण लोक हसले की माझे वाक्य घशातच राहते; वर्गातही राहत असे. मी मान हलवली आणि सर्वांत बारीक दगड लावले. त्यावरही त्यांचे समाधान होईना, तेव्हा पॉलिश पेपर तेलात भिजवून हाताने घासत बसलो. तासभर घासले. रेघा एकेक करून बुजताना मला दिसत होत्या. मी काय करतो आहे, हे मला पूर्ण ठाऊक होते.

शेवटी ते कारागीर जवळ येऊन म्हणाले, "शीशा बना दिया, मास्टरजी. अब इसमें कंघी करेगी." बाईंनी खरोखरच वाकून अंबाड्यातले फूल नीट केले. जाताना त्यांनी मला सुक्या बोंबलांची पुडी दिली आणि मुलाला बजावले, की काम असे असते, शिकून घे.

दादा संध्याकाळी परतले. इंजिन गेले का, एवढेच त्यांनी विचारले. मी हो म्हणालो.

आता लिहायला अवघड भाग येतो. त्या पुढच्या दिवसांत मला भीती वाटायला हवी होती आणि ती वाटतही होती. पण भीतीच्या खाली आणखी काही होते. इंजिन बिघडून परत येईल, दादा प्रथमच माझ्यावर रागावतील, तुमच्याच्याने हे होणार नाही असे म्हणतील, आणि मग मी खिशातले पत्र काढून शांतपणे म्हणेन, की ठीक आहे, मी जातो. सोडायचे धैर्य नसलेला माणूस हाकलून दिले जाण्याची वाट पाहतो. मी ते घासताना मनात हे होते की नंतर आले, हे मला आजही निश्चित सांगता येत नाही.

एक तारखेला चार दिवस उरले असताना तोच टेंपो दारात उभा राहिला. खाडीत चालवून पाहताना इंजिनाने इतका निळा धूर सोडला होता, की शेजारच्या बोटीवरच्यांनी यांना आग लागली का, असे विचारले. बाई टेंपोतून उतरल्या त्याच बोलत. बंदी उठली की पहिल्या दिवशी जी बोट जाते तिला जाळे भरून मिळते, नंतर जाणाऱ्याला काय, पाणी? मुलगा मान खाली घालून उभा होता. दादांनी इंजिन उघडवले आणि डाव्या हाताचे बोट सिलिंडरमधून एकदा फिरवले. त्यांच्या डाव्या हाताला कंप नव्हता. बोट बाहेर काढून त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी खिशाला हात लावला.

दादा बाईंना म्हणाले, "चूक माजी हाय, मावशी. मीच भावोजींना गुळगुळीत करायला सांगितलेलं."

बाईंच्याच सांगण्यावरून ते झाले होते, पण त्यांनी ते काढले नाही. कदाचित विसरल्या असतील, कदाचित दादांनी ओझे उचललेच आहे तर उचलू द्यावे, असे त्यांना वाटले असेल. त्या म्हणाल्या, "तुजा हात कापतो त्ये ठाव व्हतं. आता डोकं पन कापाया लागलं काय?"

दादा हसले. सगळे हसले. मीच तेवढा हसलो नाही. माझ्याऐवजी दादा आपल्या हातावरून आणि डोक्यावरून बोलणी खात होते आणि मी हातात कोरडे फडके घेऊन उभा होतो.

बाईंना चहा देऊन बाहेर बसवल्यावर दादा माझ्याजवळ स्टूल ओढून बसले. आता रागावतील, असे वाटले. त्यांनी सिलिंडरवर टॉर्च धरला. उजेडाचे वर्तुळ आत थरथरत होते.

"भावोजी, गुळगुळीत म्हंजे चांगलं नाय. ह्ये तुमाला कुनी सांगितलंच नसंल. माजीच चूक, हात शिकिवला, कारन नाय शिकिवलं."

आणि मग त्यांनी मला पहिल्यापासून समजावून सांगितले. तेल रेघांत कसे बसते, रिंग त्याच्यावरून कशी सरकते, चकचकीत बिडावरून तेल कसे निसटते. मी विद्यार्थ्यांना सांगे त्याच्यापेक्षा सोपे करून, ओल्या बशीवर बशी सरकवून दाखवत. मी पंधरा वर्षे फळ्यावर काढलेली आकृती त्यांनी माझ्यासमोर फरशीवर खडूने काढली, वाकड्या रेघांची. मी मान डोलावत राहिलो. मध्ये एक-दोन प्रश्नही विचारले, जणू मला खरोखरच ठाऊक नव्हते. कळत असून केले, हे सांगण्यापेक्षा अडाणी ठरणे मला सोपे वाटले. त्यांना मात्र किती बरे वाटले होते. हात कापू लागल्यापासून कोणाला काही शिकवल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मी प्रथमच पाहत होतो.

सिलिंडरच्या मापात अजून केसभर घासण्याइतकी जागा शिल्लक होती. मी योग्य दगड लावून दुपारभर पुन्हा काम केले. दादा शेजारी उभे राहून दांड्याची गती ऐकत होते, बोट लावून पाहत होते, "हां, आता आल्या रेगा," असे म्हणत होते. बोट वेळेवर समुद्रात गेली. धूर नाही, असा मुलाचा फोन आला. घरी दादांनी तो आनंदाने सर्वांना सांगितला आणि वर म्हणाले, की भावोजींना आता कारणसुद्धा कळले आहे, आता हे वर्कशॉप त्यांचेच समजा. पत्नी माझ्याकडे पाहत होती. मी वरण कालवत राहिलो.

एक तारीख आली आणि गेली. मी महाविद्यालयाला कळवले, की घरगुती अडचणीमुळे रुजू होता येत नाही. पत्नीने त्याबद्दल मला कधीच काही विचारले नाही. फक्त त्या वर्षीपासून ती मला नोकऱ्यांच्या जाहिराती दाखवत नाही.

आज दादांचा डावा हातही कापतो. ते रोज वर्कशॉपमध्ये येतात, खुर्चीत बसतात आणि नव्या गिऱ्हाइकांना रेघांचे महत्त्व समजावून सांगतात. शेवटी माझ्याकडे बोट दाखवतात, की यांनाही मीच शिकवले, एवढे शिकलेले, पण एकदा चुकले ते कारण ठाऊक नव्हते म्हणून. गिऱ्हाईक कौतुकाने माझ्याकडे पाहते. मी हसून मान डोलावतो आणि दांडा पुन्हा खाली सोडतो.

खरे सांगितले, तर त्यांनी माझ्यासाठी घेतलेला दोष वाया जातो आणि त्यांनी दिलेला तो धडाही. न सांगितले, तर मी या छपराखाली त्यांचा अडाणी शिष्य म्हणूनच राहतो, आणि ते मला रोज क्षमा करत राहतात, न कळल्यामुळे झालेल्या, म्हणजे मी न केलेल्याच चुकीबद्दल. तुम्ही माझ्या जागी असता, तर त्यांना आता सांगितले असते का?